गडावर ओटी कोण भरणार?

नवरात्र तोंडावर आले की आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. वस्तीतल्या बायका सप्तशृंगीच्या गडावर निघालेल्या असतात, त्यामुळे बैठकीला येणार नसतात, आणि आमच्यातली कुणीतरी वैतागून म्हणते, "रेशनच्या मोर्चाला वीस जणी जमवताना दमछाक होते, आणि देवीला मात्र अख्खी गल्ली निघते." दुसरी म्हणते, मग आपणही जाऊ. तिसरी म्हणते, आपणच गेलो तर उद्या अंधश्रद्धेविरुद्ध कुठल्या तोंडाने बोलणार? चहा संपेपर्यंत वाद चालतो आणि पुढच्या वर्षावर पडतो. या वादातले माझे मत गटातल्या बऱ्याच जणींना पटत नाही. म्हणूनच ते एकदा सविस्तर मांडावे असे वाटले. नाशिक जिल्ह्यात बायकांबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही संघटनेला गड टाळता येत नाही. तो टाळतो असे म्हणणाऱ्या संघटना प्रत्यक्षात त्या दहा दिवसांपुरत्या बायकांना टाळत असतात.

जिल्ह्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडी माहिती. नाशिकपासून साधारण साठ किलोमीटरवर, कळवण तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेत हा गड आहे. वणी जवळ म्हणून 'वणीची देवी' असेही म्हणतात. नांदुरी हे पायथ्याचे गाव. तिथून दहा-एक किलोमीटरचा घाट चढला की गडावरचे गाव लागते, आणि गावातून कड्यातल्या मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या. मूर्ती डोंगराच्या दगडातच कोरलेली, आठ फूट उंच, अठरा हातांची, मान जराशी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणत आहेत आणि ती कान देऊन ऐकते आहे, अशी कथा. महाराष्ट्रातल्या साडेतीन पीठांतले अर्धे पीठ ते हे. यात्रा दोन मोठ्या. आश्विनातले नवरात्र, आणि चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंतचा उत्सव. चैत्रात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे उन्हातून पायी येतात. सगळीकडे अहिराणी ऐकू येते. खानदेशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता.

आता बायका का जातात ते पाहू. श्रद्धा असते म्हणून जातात, हे तर आहेच, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण नीट विचारले की आणखी काही निघते. आमच्या वस्तीतल्या एका बाईने मला हिशेब सांगितला होता. लग्नाला बावीस वर्षे झाली, त्यात ती घराबाहेर रात्र काढायला गेली ती फक्त माहेरी, सिव्हिल हॉस्पिटलात आणि गडावर. माहेर भावजय आल्यावर सुटले. हॉस्पिटलात कुणी हौसेने जात नाही. राहिला गड. "देवीला जाते म्हटलं की सासू नाही म्हणत नाही," असे ती म्हणाली. या एका वाक्यात मला आमच्या दोन शिबिरांइतका ऐवज दिसतो. नवऱ्याने 'नाही' म्हणायचे तर त्याला देवीच्या विरोधात जावे लागते, आणि ते धाडस तो करत नाही. बायकांनी ही फट शोधून काढली, पिढ्यानपिढ्या ती वापरली. चार दिवस पायी चालायचे, वाटेत कुणाच्या ओसरीवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे, दुसऱ्याने वाढलेले खायचे, मोठ्याने गायचे, मोठ्याने हसायचे. घरी कोण काय जेवले याचा विचार करायचा नाही. आपण 'बायकांनी स्वतःसाठी वेळ काढावा' असे व्याख्यानात सांगतो ते दुसरे काय असते?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले आणि ही फट आणखी रुंदावली. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात आणि वर एसटीच धावते, त्यामुळे तर अधिकच. या सवलतीवर पुरुषमंडळी पारावर बसून विनोद करतात, "आता बायका घरात सापडत नाहीत" म्हणून. सापडत नसतील तर उत्तमच आहे.

बायका देवीलाच जमतात, हक्कासाठी जमत नाहीत, हे रडगाणेही या जिल्ह्याने कधीच खोटे पाडले आहे. याच सातमाळा रांगेत चांदवडला रेणुकामातेचे ठाणे आहे, आणि त्याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनाला लाखाच्या वर बायका आल्या होत्या. खेड्यापाड्यातल्या, कडेवर पोरे घेतलेल्या, भाकरी बांधून आणलेल्या. पुढे नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा, त्या मोहिमेचे नाव काय होते? लक्ष्मीमुक्ती. त्या संघटनेच्या बाकी अर्थकारणाशी आमच्या गटाचे कधी जमले नाही, पण बायकांच्या ओळखीच्या शब्दातून जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत कसे जाता येते हे त्यांना कळले होते, एवढे मान्य करायला हवे.

या सगळ्यावर आमच्या गटातल्या एका दलित मैत्रिणीचा आक्षेप आहे, आणि तो मी इथे देणारच, कारण आमच्या बैठकीतले ते सगळ्यात वजनदार बोलणे असते. ती म्हणते, तुम्ही आज ज्या रांगेत उभ्या राहायचे म्हणता, त्या रांगेचा आमच्या आज्यांनी याच गावात सोक्षमोक्ष लावला. २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या दारांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष होते आणि पंचवीस बायका होत्या. पाच वर्षे लढा चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. "आम्ही तुमच्या देवाला सोडून दिले आणि शाळेची वाट धरली. तुम्ही अजून आत घ्या म्हणून रांगेत," असे ती म्हणते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात त्या चळवळीतल्या बायका शोधून, भेटून, लिहून काढल्या. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी वाचावे. त्याशिवाय नाशकात बसून मंदिरप्रवेशावर बोलू नये.

तिचे म्हणणे मला पटते, तिच्यापुरते पूर्ण पटते. तिच्या समाजाने दुसरे दार बांधले. पण ज्या बायकांनी ते दार बांधलेले नाही, ज्या उद्याही गडावर जाणारच आहेत, त्यांना आपण काय सांगणार? 'तुमचा देव सोडा, मग आमच्याकडे या' असे? आणि सोडला नाही तर त्या पायऱ्यांवर त्यांच्याशी जे होते त्याच्याशी आपला संबंध नाही?

काय होते, ते सांगते. २०२३ च्या नवरात्रातली गोष्ट. वस्तीतली एक बाई, वय पस्तिशीच्या आत, नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला. धुणीभांडी करते, दोन मुले शिकवते. दोन वर्षे ती गडावर गेली नव्हती. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांबरोबर गेली. देवीसाठी हिरवी, काठाची साडी घेतली होती, सहा महिने थोडेथोडे बाजूला टाकून. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळे स्वतः बांधून नेले. शेवटच्या पायऱ्यांवर बरोबरच्या बायकांनी तिला थांबवले. भांडल्या नाहीत, टोचून बोलल्या नाहीत. एकीने हळूच सांगितले, "तू दे तिच्याकडे, ती वाहील. तुझंच पोचेल." 'ती' म्हणजे गल्लीतली नवी सून, लग्नाला वर्षही न झालेली. हिने ओटी तिच्या हातात दिली आणि हात जोडून रांगेच्या कडेने बाहेर पडली. कुणा पुजाऱ्याने तिला अडवले नव्हते, कुठली पाटी आड आली नव्हती. अडवले ते रोज तिच्याबरोबर नळावर उभ्या राहणाऱ्या बायकांनी, आणि तेही मायेने.

पुढच्या बैठकीत तिने हे सांगितले तेव्हा तिची तक्रार अशी नव्हतीच. ती साडीचा रंग सांगत होती. आम्हीच विचारत गेलो तसे बाकीचे निघाले. त्या बैठकीला तिला अडवणाऱ्या दोघीही होत्या. त्यांना यात काही वावगे वाटले नव्हते, आणि मला वाटते की तिलाही त्या दिवशी तितकेसे वाटले नसावे. वाटायला लागले ते बोलता बोलता. पुरुषप्रधान व्यवस्था म्हणून आपण जे म्हणतो ते पुष्कळदा असे, खणानारळाच्या ताटात ठेवलेले असते. ते राबवायला पुरुष हजर असावाच लागत नाही.

आता ज्या देवीची ही ओटी, तिच्याकडे पाहा. तिच्या शेजारी कुठला देव उभा नाही. ती कुणाची बायको म्हणून तिथे बसलेली नाही. पायऱ्या चढायला लागलो की महिषासुराचे मुंडके दाखवतात, म्हणजे तिचा पराक्रम काय ते चढतानाच कळते. तिच्या गळ्यात मंगळसूत्र आणि नाकात नथ आपण घातली. अकरा वार साडीही आपणच नेसवली. सौभाग्याचे हे सारे सामान भक्तांनी आणून चढवलेले आहे, आणि मग त्याच सामानाच्या नावाने ठरते की तिला कोण शिवेल.

आणखी एक. गडाच्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधून घेतल्या असे सांगतात. उमाबाईंचे माहेर अभोण्याचे, गडाजवळचेच. १७२९ साली त्यांचे पती खंडेराव दाभाडे वारले. १७३१ साली डभईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव मारला गेला. त्यानंतर धाकटा मुलगा लहान, म्हणून सेनापतिपदाचा सगळा कारभार या बाईने हाती घेतला आणि गुजरातच्या मोहिमेवर स्वतः गेली. चांदवडच्या रंगमहालाशी जिचे नाव जोडलेले आहे ती अहिल्याबाई होळकर, तीही नवरा कुंभेरीच्या वेढ्यात गेल्यावर राज्य चालवणारी. आपल्या भागातली देवळे, घाट, विहिरी यांच्या इतिहासात विधवा बायकांचा पैसा आणि बुद्धी किती आहे याची यादी कुणीतरी करायला हवी. त्यांनी बांधलेल्या पायऱ्या चढून जायचे आणि वर पोचल्यावर विधवेच्या हातातून खण काढून घ्यायचा, याला रीत म्हणतात.

ही रीत बदलू शकते का? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हे अनुकरण करायला सांगितले. कोरोनात अनेक तरुण बायका एकाएकी विधवा झाल्या होत्या, ती पार्श्वभूमी त्याला होती. ठराव झाले, फोटो आले. पण ठरावात 'काढू नये' असे सगळे आहे. बाईने पुढे होऊन काय करावे, हे त्यात नाही. कुंकू राहिले तरी ओटी भरायला तिला बोलावणार कोण? मला वाटते, खरी कसोटी तिथे आहे. गावात हे करायला फार जड जाते, कारण तिथे सासर आहे, भावकी आहे. गडावर गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. म्हणून सुरुवात करायला गड ही गावापेक्षा सोपी जागा आहे. वीस-पंचवीस जणी मिळून गेल्या आणि त्यातल्या विधवांनी, टाकलेल्यांनी, लग्न न केलेल्यांनी आपापल्या हाताने ओटी भरली तर आकाश कोसळणार नाही. एकदा केलेली गोष्ट मग गल्लीत सांगता येते, "आम्ही भरली, देवीने काही म्हटलं नाही" अशी.

आमच्यातल्या काही जणींना ओटी हा प्रकारच नको आहे. हळदीकुंकू मोडीत काढायचे सोडून त्यात सगळ्यांना घ्या म्हणणे ही माघार आहे, असे त्या म्हणतात. हा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. सौभाग्याचे चिन्ह सगळ्यांना वाटले म्हणून त्याचा अर्थ लगेच बदलत नाही. पण ज्या बाईने सहा महिने पैसे साठवून साडी घेतली तिला 'ओटी हेच मुळात बंधन आहे' असे सांगण्याआधी तिची ओटी तिच्या हातून जाऊ द्यावी, एवढे माझे म्हणणे. बंधन झुगारायचे असेल तर ते तिला आधी मिळालेले तरी असू दे!

पाळीचे तसेच. यात्रेची तारीख ठरली की मेडिकल दुकानातून गोळ्या आणल्या जातात, पाळी पुढे ढकलायच्या. नॉरएथिस्टेरॉनच्या या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, कुणीतरी कुणासाठी आणलेल्या, किती दिवस घ्यायच्या ते शेजारणीने सांगितलेले. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास झालेला आहे त्यांना त्या घातक ठरू शकतात, आणि हे विचारणारे कुणी नसते. आपण आरोग्याच्या शिबिरात पाळीचे शास्त्र शिकवतो, तक्ते लावतो. ते शिबिर यात्रेच्या पंधरा दिवस आधी घ्यायचे सोडून जूनमध्ये का घेतो? चार दिवस पायी चालणाऱ्या बायकांना वाटेत कापड बदलायला आडोसा नाही, संडास नाही, म्हणून त्या पाणी पीत नाहीत. मुंबईतल्या मैत्रिणींनी २०११ पासून मुताऱ्यांच्या हक्काची मोहीम चालवली. पायी यात्रेच्या वाटेवर तशी मागणी आपण कधी लावून धरली? देवीला जाणाऱ्या बाईच्या मूत्राशयाबद्दल बोलायला आपल्याला देवीवर श्रद्धा असण्याची गरज नाही.

देवीला न्हाऊ घालायचे, साडी नेसवायची, वेणीफणी करायची, विडा द्यायचा, ही सगळी कामे पुरुष पुजारी करतात. घरात ज्या कामाला पुरुष हात लावणार नाही तेच काम देवळात गेले की मानाचे होते आणि बाईच्या हातून जाते. २०१४ साली पंढरपूरच्या मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी बायकांकडून आणि सगळ्या जातींकडून अर्ज मागवले, तेव्हा पुष्कळ जणी पुढे आल्या होत्या. म्हणजे इच्छा असते. मला स्वतःला पुजारी बायका होणे हा काही फार मोठा क्रांतीचा टप्पा वाटत नाही. पण विश्वस्त मंडळात बायका किती, देवीला आलेल्या साड्यांचे आणि देणगीचे पुढे काय होते, गडावर फुले-बांगड्या विकणाऱ्या बायकांना ऊनपावसात बसायला जागा कुठे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि ते कुठल्याही देवस्थानाला विचारता येतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० चा आहे, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. चौकशी करायला नास्तिक असण्याची अट नाही तशी आस्तिक असण्याचीही नाही.

मंदिरप्रवेशाच्या कायद्याबद्दलही थोडक्यात. विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ च्या सुरुवातीला स्पष्ट केले की १९५६ च्या राज्याच्या कायद्यानुसार देवळात जाण्यापासून बाईला अडवता येत नाही. ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, शनिशिंगणापूरचा चौथरा खुला झाला. त्याच महिन्यात आपल्या त्र्यंबकेश्वरला गाभाऱ्यात जायला बायकांना सकाळचा एक तास मिळाला, तोही ओल्या सुती नाहीतर रेशमी वस्त्रात. निकाल मोठा होता. मात्र त्यातून वस्तीतल्या विधवेच्या ओटीचा प्रश्न सुटत नाही. तिला अडवणारे कलमाच्या कक्षेत येत नाहीत. तिथे आपल्यालाच जावे लागते.

अंगात येणे हा विषय निघाला की आमच्या तरुण कार्यकर्त्या अस्वस्थ होतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यांना तोंडपाठ आहे आणि डॉ. दाभोलकरांचा खून झाला ते वर्ष त्या विसरलेल्या नाहीत. त्या कायद्यात गुन्हा आहे तो अंगात आल्याचे सांगून दुसऱ्याला भीती घालणे, फसवणे, लुबाडणे हा. थकलेली बाई पायऱ्यांवर केस सोडून घुमते आणि नवऱ्याला एकेरीत चार शब्द सुनावते, तिच्या मागे पोलीस लावायला तो केलेला नाही. ती जे बोलते ते ऐकावे. पुष्कळदा त्यात दारू असते, मार असतो, न झालेला मुलगा असतो. तेच बोलणे तिला घुमल्याशिवाय करता यावे अशी जागा आपल्या बैठकीत आहे का, हा आपला प्रश्न.

न झालेला मुलगा म्हटले, त्यावरून सांगायलाच हवे. गडावर जे नवस बोलले जातात त्यात मुलाचा नवस आजही वरचढ आहे. शक्तीच्या दारात उभे राहून मुलगी नको म्हणायचे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचे हजार मुलग्यांमागे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. इथे मी बायकांची बाजू घेणार नाही. या नवसाविरुद्ध रांगेतच बोलले पाहिजे, आणि देवीच्याच भाषेत बोलले तर जास्त ऐकू जाईल असा माझा अनुभव आहे.

कोजागिरीची मात्र फार जणींना माहिती नसते. नवरात्र संपून गर्दी ओसरली की कोजागिरी पौर्णिमेला गडावर तृतीयपंथीयांचा मेळा भरतो. राज्यातून आणि बाहेरूनही ते येतात, नटतात, वाजतगाजत मिरवणूक काढतात. त्याच सुमारास कावडी घेऊन नद्यांचे पाणी आणणारेही येतात. गावात ज्यांना घर भाड्याने मिळत नाही, सिग्नलवर ज्यांना पाहून काच वर केली जाते, त्यांची ओटी गडावर कुणी अडवत नाही. उलट बायका त्यांच्या पाया पडतात, पदर पसरतात. एका रात्रीचा मान, एवढेच त्याचे मोल म्हणावे की काय ते मला ठरवता येत नाही. एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना कागदावर ओळख दिली. गडाने ती आधीपासून, वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या मर्यादेत, दिलेली होती. आपल्या चळवळीने मात्र त्यांच्याशी बोलायला खूप उशीर केला. जो समाज विधवेला ओटी भरू देत नाही तोच समाज तृतीयपंथीयाच्या हातचा आशीर्वाद मागतो. तेव्हा शुभ-अशुभाचे हे नियम काही दगडात कोरलेले नाहीत.

दगडात कोरलेल्या मूर्तीचेही रूप बदललेच की! २०२२ साली मंदिर दीड महिना बंद ठेवून मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर उतरवला. त्याचे वजन टनाहून जास्त भरले म्हणतात. त्या नवरात्रात लोकांनी पाहिली ती मूर्ती त्यांच्या पणज्यांनीही पाहिली नव्हती. कुणाची श्रद्धा मोडली नाही. २०१८ मध्ये पायऱ्यांना पर्याय म्हणून रुळांवरून चढणारी गाडी आली, म्हाताऱ्या बायकांची सोय झाली. दसऱ्याची बोकडबळीची प्रथा २०१६ मध्ये मानवंदनेच्या वेळी गोळी सुटून माणसे जखमी झाल्यावर पुढच्या वर्षी बंद केली गेली, आणि २०२२ मध्ये एका आदिवासी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने अटी घालून पुन्हा सुरू करू दिली. आजूबाजूच्या कोकणा, महादेव कोळी, भिल्ल वस्त्यांची ही देवी आहे, तिला शाकाहारी करण्याची घाई शहरातल्यांनी करू नये असे मला वाटते. पण तो वेगळा लेख होईल. आणि नवरात्रातले ते नऊ रंग! ऑफिसात, बँकेत, अंगणवाडीत त्या त्या दिवसाची साडी नेसली नाही तर बाईला अवघडल्यासारखे होते. ही परंपरा कुठल्या पुराणातली? वीस-एक वर्षांपूर्वी वर्तमानपत्राने खप वाढवायला काढलेली टूम आहे ती. एका वर्तमानपत्राला दोन दशकांत नवी रीत रुजवता येते, तर बायकांच्या संघटनांना का येऊ नये?

येत्या चैत्रासाठी आमच्या गटात निदान एवढे ठरले आहे. पौर्णिमेच्या चार दिवस आधी, गर्दी शिगेला पोचण्यापूर्वी, नाशिकहून एसटीने जायचे. बरोबर वस्तीतल्या ज्या येतील त्या. ओटी ज्यांना भरायची आहे त्या स्वतः भरतील, ज्यांना नाही त्या शेजारी उभ्या राहतील आणि कुणी हात आडवा घातला तर बोलतील. भांडायचे नाही, पण हलायचेही नाही. आधीच्या आठवड्यात पाळीच्या गोळ्यांवर दोन बैठका घ्यायच्या, सिव्हिलमधल्या एका डॉक्टरबाई यायला तयार आहेत. पायी येणाऱ्या बायकांच्या वाटेवर कुठे संडास आहे आणि कुठे नाही याची नोंद करून ती जिल्हा परिषदेला द्यायची. हिरव्या साडीवाली बाई येणार म्हणाली आहे. गंमत म्हणजे तिला त्या वेळी अडवणारीही येणार आहे. ती म्हणते, "मी तिच्या मागंच उभी राहीन, मग कोण काय बोलतं बघू."

आमची दलित मैत्रीणही येते आहे, पण गडावर नाही. ती नांदुरीला, एसटीच्या थांब्याजवळ, पिण्याचे पाणी, सॅनिटरी पॅड आणि आडोशाचा तंबू घेऊन बसणार आहे. वर चढायचा तिला आग्रह करायचा नाही असे बैठकीत एकमताने ठरले. तंबूसाठी बांबू आणि ताडपत्री लागेल. दिंडोरी, कळवणकडच्या ज्या गटांकडे असेल त्यांनी कळवावे.